गुळवेलीचा मायटोकाँड्रियल जीनोम : प्रकल्प नोंदी

३ जून २०२४
गुळवेलीच्या मायटोकाँड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या कणांचा) डीएनए वाचून त्याचा पूर्ण क्रम जोडायचा आहे. नमुना ठरला. उन्हाळ्यात पानं झडलेल्या वेलीला वळवाच्या दोन सरींनंतर कोवळी पालवी फुटली आहे. तळहाताएवढं जून पान नको, रुपयाएवढं लुसलुशीत पान हवं. सगळी पानं एकाच वेलीची. दोन वेलींची पानं एकत्र गेली की एका अक्षराचा फरक हा रीडमधला (यंत्राने वाचलेल्या डीएनएच्या तुकड्यातला) दोष आहे की दुसऱ्या वेलीचा खरा फरक, हे पुढे कुणालाच सांगता येत नाही.

ओळख आधी, डीएनए नंतर. बाजारात गुळवेल म्हणून टिनोस्पोरा क्रिस्पाही सर्रास येते. २०२२ मध्ये आयुष मंत्रालयाने दोन्हींतले फरक जाहीर केले होते. आपली गुळवेल हिरवट, खोडावर ठळक गाठी नाहीत आणि चीक दुधाळ नाही. क्रिस्पाचं खोड राखट, गाठाळ आणि चीक दुधाळ. तिसरी, टिनोस्पोरा सायनेन्सिस, पान उलटून पाहिलं की खालच्या लवेवरून कळते. आपला नमुना तिन्ही कसोट्यांना उतरला. फांदी दाबून हर्बेरियमसाठी (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी) शीट केली, मॅटके आणि आयटीएस या ओळख पटवणाऱ्या डीएनए भागांचं सँगर पद्धतीचं वाचन स्वतंत्र लावलं.

वेल कडुनिंबावर चढलेली आहे. निंबावरची गुळवेल गुणाला चढ, असं वैद्य म्हणतात. त्यावरून चर्चा निघाली की निंबाचा डीएनए मिसळेल का. गुळवेल परजीवी नाही, नुसती आधाराला चढते. काही परजीवी वनस्पतींच्या मायटोकाँड्रियात यजमानाची जनुकं शिरलेली सापडतात, तो प्रकार इथे अपेक्षित नाही. पानं धुऊन घेतली की पुरे.

५ जून
फांदी वेलीवरच काळ्या दुहेरी कापडात गुंडाळली, ४८ तास. अंधारात पान साठवलेला स्टार्च वापरून टाकतं. खोडातला जो स्टार्च गुळवेल सत्त्व म्हणून औषधाच्या दुकानात विकला जातो, तोच आणि पानातला बुळबुळीत द्रव आमचे खरे शत्रू.

७ जून
पहिला प्रयत्न फसला. रीतसर सीटॅब (पेशी फोडणारं साबणासारखं रसायन) पद्धत: १ ग्रॅम पान द्रव नायट्रोजनमध्ये पूड करून, २ टक्के सीटॅब, १.४ मोलर मीठ, ६५ अंशाला ४५ मिनिटं, क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल २४:१, मग आयसोप्रोपॅनॉल. पेलेट (तळाशी बसलेला गोळा) पांढरी नाही, पारदर्शक जेलीसारखी. टिप वर उचलली की टोकापासून नळीपर्यंत शेंबडासारखी तार लोंबते आणि तुटत नाही. ५ मायक्रोलिटरला पिपेट लावलं तर कधी २ येतं, कधी काहीच नाही.

डीएनए मोजणाऱ्या दोन यंत्रांपैकी नॅनोड्रॉप मायक्रोलिटरला ४१० नॅनोग्रॅम सांगतो, क्युबिट ३८. खरा आकडा क्युबिटचा. नॅनोड्रॉप २६० नॅनोमीटरला जे जे प्रकाश शोषतं ते सगळं डीएनए समजतो, आरएनए आणि फिनॉलसकट. २६०/२३० गुणोत्तर ०.६, म्हणजे साखरी आणि फिनॉलिक माल भरपूर. हे फ्लो सेलवर (डीएनए वाचणाऱ्या चिपवर) चढवणं म्हणजे तिचे पोअर (वाचणारी छिद्रं) बुजवण्यासाठी पैसे मोजणं.

आणखी एक चूक याच दिवसाची. क्लोरोफॉर्मच्या आधीचं सेंट्रिफ्यूज सवयीने ४ अंशावर लावलं गेलं. सीटॅब थंडीत, साधारण १५-१६ अंशांच्या खाली, साबणासारखा साकळतो आणि डीएनएला घेऊन बसतो. सीटॅब असेपर्यंत सगळं खोलीच्या तापमानाला.

१० जून
पद्धत बदलली: पेशी फोडण्याआधी बुळबुळ धुऊन काढायची. सॉर्बिटॉल वॉश: ०.३५ मोलर सॉर्बिटॉल, १०० मिलिमोलर ट्रिस पीएच ८, ५ मिलिमोलर ईडीटीए, १ टक्का पीव्हीपी-४०. वापरताना त्यात १ टक्का बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल (हुडमध्येच, नाहीतर मजलाभर कुजका वास). सॉर्बिटॉलमुळे केंद्रकं आणि मायटोकाँड्रिया शाबूत खाली बसतात, साखरी माल पाण्यात वर राहतो.

१ ग्रॅम पूड, १० मिली वॉश, हलक्या हाताने उलटसुलट, ३,००० जीला (गुरुत्वाकर्षणाच्या तेवढ्या पट जोराने फिरवून) ५ मिनिटं. वरचं पाणी ओता. पहिल्यांदा ते अंड्याच्या पांढऱ्यासारखं ओघळलं, दुसऱ्यांदा पातळ, चौथ्या वेळी साध्या पाण्यासारखं. तीनवर थांबायचं ठरलं होतं, पण आकडा धरून बसण्यात अर्थ नाही, पाणी तार धरायचं थांबेपर्यंत धुवायचं.

मग सीटॅब ३ टक्के, मीठ २.५ मोलर, पीव्हीपी २ टक्के, ५५ अंशाला एक तास. मीठ वाढवण्याचं कारण असं की जास्त मिठात बरीचशी पॉलिसॅकराइड्स विरघळलेलीच राहतात, डीएनएसोबत साकळत नाहीत. व्होर्टेक्स (यंत्राने जोरात घुसळणं) कुठेही नाही. टिपांची टोकं ब्लेडने कापून तोंड रुंद केलं, अरुंद तोंडातून ओढलं की लांब रेणू तुटतात. आरएनएज (आरएनए तोडणारं विकर) ३७ अंशाला ३० मिनिटं.

या वेळी इथेनॉल घालताच कापसाच्या पेळूसारखा गोळा वर तरंगला. सेंट्रिफ्यूज न करता काचेच्या हुकावर गुंडाळून उचलला. तळाशी बसलेलं मुद्दाम सोडून दिलं, उरलेली बुळबुळ त्यात असते. ६० मायक्रोलिटरमध्ये रात्रभर विरघळू दिला. क्युबिट ९६, नॅनोड्रॉप १२१, २६०/२८० १.८६, २६०/२३० १.९. एकूण सुमारे ५.८ मायक्रोग्रॅम. चालेल.

११ जून
प्रश्न आला होता की मायटोकाँड्रिया वेगळे काढूनच डीएनए का घेत नाही. काढता येतात: अंधारात वाढवलेली पिवळी रोपं, सुक्रोज किंवा मॅनिटॉलचा बफर, आधी कमी वेगाने केंद्रकं आणि हरितलवकं खाली बसवायची, मग १२,००० ते १६,००० जीला मायटोकाँड्रिया, परकोलचा (घनतेनुसार वेगळं करणाऱ्या द्रवाचा) थर, बाहेर चिकटलेल्या डीएनएसाठी डीएनएज. गव्हाला, मक्याला सोपं आहे. गुळवेलीची एवढी रोपं एका वेळी उगवून मिळणं कठीण, आणि हातात येतो तो डीएनए जेमतेम. लांब रीड्स असतील तर एकूण डीएनए वाचून नंतर संगणकावर निवडणं स्वस्त पडतं. निर्णय: एकूण डीएनए.

१२ जून
जेलवर मुख्य पट्टा लॅडरच्या (लांबी मोजायच्या मापपट्टीच्या) सर्वांत वरच्या रेषेच्याही वर, खाली पुसट धूर. आखूड तुकडे काढणाऱ्या बफरने एक फेरी: ५० मायक्रोलिटर नमुना, ५० बफर, १०,००० जीला ३० मिनिटं. निम्मा माल गेला. त्याचं दुःख नाही, आखूड तुकडे पोअर अडवतात आणि पुनरावृत्ती (जीनोममध्ये पुन्हा येणारे सारखे तुकडे) ओलांडायला काही कामाचे नाहीत.

१४ जून
लायब्ररी (यंत्रावर चढवायला तयार केलेला डीएनए), नॅनोपोअरचं लिगेशन किट ११४, आर१०.४.१ फ्लो सेल. १ मायक्रोग्रॅम डीएनए ४८ मायक्रोलिटरमध्ये. एंड-प्रेपला (टोकं नीट करायच्या पायरीला) किटमध्ये ५ आणि ५ मिनिटं सांगितलंय, आम्ही २० अंशाला ३० आणि ६५ अंशाला ५ ठेवलं.

नवीन माणसासाठी ठळक नोंद: अॅडॅप्टर (डीएनएच्या टोकाला जोडायचा तुकडा) लावल्यानंतरची बीड्सची (डीएनए धरणाऱ्या चुंबकी मण्यांची) धुलाई इथेनॉलने करायची नाही. अॅडॅप्टरसोबत मोटर प्रोटीन बसलेलं असतं, इथेनॉलने ते मरतं आणि क्युबिटवर उत्तम दिसणारी लायब्ररी फ्लो सेलवर मुकी राहते. तिथे लाँग फ्रॅगमेंट बफरच. बीड्सवरून सोडवताना ३७ अंशाला १० मिनिटं, लांब रेणू सहज सुटत नाहीत.

सरासरी लांबी १८ किलोबेस (हजार अक्षरं) धरली तर ३५ फेमटोमोल म्हणजे सुमारे ४१० नॅनोग्रॅम. तेवढंच घातलं. प्रायमिंग पोर्टमधून आधी २०-३० मायक्रोलिटर उलटं ओढून बुडबुडा काढला. बुडबुडा सेन्सरवरून गेला की त्या पट्ट्यातले पोअर कायमचे गेले.

१५ जून
सुरुवातीला १,२६० पोअर, सहा तासांत ७४०. साखरेचा अंश अजून आहे. २० तासांनी न्यूक्लिएज वॉश (अडकलेला डीएनए तोडून धुणं) आणि पुन्हा लोड. ९८० पर्यंत परत आले, म्हणजे बहुतेक पोअर मेलेले नव्हते, तुंबलेले होते.

१८ जून
डोराडो प्रोग्रॅमने सुपर-अॅक्युरसी मॉडेलवर बेसकॉलिंग (यंत्राच्या संकेतांतून अक्षरं काढणं). क्यू१० च्या (दहात एक चूक) खालचे आणि ३ किलोबेसहून आखूड रीड्स काढले.

२१ जून ते २६ जून
हा आठवडा वाया गेला. पुन्हा कुणी त्याच खड्ड्यात पडू नये म्हणून सविस्तर.

पानाच्या डीएनएत हरितलवकाचे रीड्स प्रचंड, मायटोचे त्याच्या कैकपटीने कमी. म्हणून आधी हरितलवक जोडून घेतला (तो सरळ, एका दिवसात झाला), त्यावर मिनिमॅप२ प्रोग्रॅमने सगळे रीड्स बसवले आणि जे जे बसले ते काढून टाकले. उरलेल्यांची फ्लाय प्रोग्रॅमने असेंब्ली (तुकडे जोडणं). निकाल: मायटोची जनुकं असलेले काँटिग (जोडून झालेले सलग तुकडे) भरपूर, पण सगळे तुटके, आणि तुटलेली टोकं एकमेकांना कुठेच जुळेनात. डेप्थ (एका जागेवर बसलेल्या रीड्सची संख्या) टोकाकडे उतरत उतरत शून्य.

एक टोक हाताने पाहिलं. मूळ फाइलमधून तिथले रीड्स परत शोधले. एक रीड २१,००० अक्षरांचा, डावीकडची नऊ-साडेनऊ हजार मायटो, उजवीकडची तितकीच मायटो, आणि मधली अडीच हजार हरितलवकाशी जवळपास तंतोतंत जुळणारी. सपुष्प वनस्पतींच्या मायटो जीनोममध्ये हरितलवकाचे असे उसने तुकडे असतातच. आमच्या चाळणीने त्या मधल्या अडीच हजारांवरून पूर्ण रीड हरितलवकाचा ठरवून फेकला होता. ज्या रीड्सनी पूल बांधायचा, तेच आधी कचऱ्यात.

नवा नियम: रीडच्या स्वतःच्या लांबीच्या ९० टक्क्यांहून जास्त भाग हरितलवकावर बसला तरच काढायचा. बाकी राहू द्यायचा. थोडे खरे हरितलवकी रीड्स आत राहतात, पण त्यांचा काँटिग डेप्थवरून लगेच ओळखू येतो.

२८ जून
फ्लाय मेटा मोडवर, कारण साधा मोड सगळीकडे सारखी डेप्थ गृहीत धरतो आणि इथे केंद्रक, मायटो, हरितलवक असे तीन वेगळे थर आहेत.

काँटिग निवडायला आमिष म्हणून २४ गाभ्याच्या प्रथिनांचे क्रम: एटीपीची पाच, सीसीएमची चार, कॉब, कॉक्सची तीन, मॅटआर, एमटीटीबी, नॅडची नऊ. हे क्रम कमळ आणि लिरिओडेंड्रॉन या झाडाचे घेतले. अॅरॅबिडॉप्सिस ही प्रयोगशाळेतली नेहमीची वनस्पती मुद्दाम घेतली नाही. गुळवेल ज्या गणातली, तो द्विदलांच्या मुख्य फांदीवर फार आधी फुटलेला. अॅरॅबिडॉप्सिसने रायबोसोमल प्रथिनांची बरीच जनुकं मायटोमधून गमावली आहेत, तिची यादी धरली तर ती आपल्याकडे असूनही दिसणार नाहीत. लिरिओडेंड्रॉनमध्ये ४१ प्रथिन-जनुकं टिकून आहेत, यादी म्हणून तेच बरं.

जनुक नसलेले काँटिगही टाकायचे नाहीत. कमळाचा मायटो जीनोम सुमारे ५२५ हजार अक्षरांचा, त्यात जनुकांचा वाटा थोडका, उरलेली मोकळी जागा. ग्राफमध्ये (काँटिग एकमेकांना कसे जुळतात त्या नकाशात) शेजारी आहे आणि डेप्थ जुळते, एवढ्यावर तो आत. उलट, जनुकासारखा तुकडा दिसतो पण डेप्थ केंद्रकाइतकीच कमी, तर ती केंद्रकात गेलेली जुनी नक्कल. असे दोन काढले.

४ जुलै
बँडेज प्रोग्रॅममध्ये ग्राफ उघडला. गोल नाही. दोन लांब पुनरावृत्तींपाशी चार-चार वाटा फुटतात. प्रकल्पाच्या अर्जात ‘वर्तुळाकार नकाशा’ असं लिहून बसलो आहोत आणि आता सगळ्यांनाच गोल हवा आहे. संगणकाला सांगितलं तर तो गोल काढूनही देईल, चारपैकी दोन वाटा पुसून. पण वनस्पतींच्या मायटोमध्ये लांब, हजारावर अक्षरांच्या पुनरावृत्तींमधून अदलाबदल सतत चालू असते. एकाच पानात वेगवेगळ्या जोडण्या एकाच वेळी नांदतात. तेव्हा प्रश्न ‘खरा गोल कोणता’ हा नाही. कोणत्या जोडणीला किती रीड्सचा आधार, हा आहे.

मोजणीचा नियम: पुनरावृत्ती पूर्ण ओलांडून दोन्ही बाजूंना किमान ५०० अक्षरं अनोख्या भागात बसलेला रीडच साक्षीदार. आत सुरू होऊन आत संपलेला किंवा एकाच बाजूने बाहेर आलेला धरायचा नाही. पहिल्या पुनरावृत्तीच्या चारही वाटांना साक्षीदार मिळाले, संख्या एकमेकांच्या जवळपास. दुसरीवर दोन वाटा भक्कम, दोन क्षीण.

११ जुलै
क्षीण वाटा खऱ्या की लिगेशनच्या वेळी दोन रेणू चिकटून तयार झालेल्या? पीसीआर लावला, दोन पुढचे आणि दोन मागचे प्रायमर (नक्कल सुरू करणारे आखूड तुकडे) अनोख्या भागात, चार जोड्या. चारही पट्टे आले आणि सगळे खूश झाले. मग सायकल ३५ वरून २६ वर आणली, टेम्प्लेट (मूळ डीएनए) दहापट पातळ केला, एक्स्टेन्शनची (धागा लांबवायची) वेळ दुप्पट. क्षीण दोन वाटांपैकी एक पट्टा गेला. अर्धवट लांबलेला धागा पुढच्या सायकलमध्ये दुसऱ्या नक्कलेवर जाऊन बसतो आणि नळीतच खोटी जोडणी तयार होते, पुनरावृत्ती असली की हमखास. यापुढे जास्त सायकलचा पीसीआर पुरावा म्हणून धरायचा नाही.

१६ जुलै
आखूड रीड्स आले, १५० अक्षरांच्या जोड्या. पॉलिशिंग (त्यांच्यावरून जोडलेल्या क्रमातली चुकीची अक्षरं दुरुस्त करणं).

इथेही उसने तुकडे आडवे आले. पॉलिश झाल्यावर त्या अडीच हजारांच्या पट्ट्यातली बारा अक्षरं बदलली, आणि बाराही हरितलवकाशी जुळणारी झाली. हरितलवकाचे आखूड रीड्स इतके जास्त की बहुमत त्यांचंच. प्रोग्रॅमने मायटोची खरी अक्षरं ‘चूक’ म्हणून दुरुस्त केली. उपाय: मायटो आणि हरितलवक दोन्ही एकत्र संदर्भ म्हणून ठेवायचे, एकाच जागी नेमके बसणारे रीड्स तेवढे घ्यायचे. तरीही उसन्या पट्ट्यांचं पॉलिशिंग वगळलं, तिथे लांब रीड्सचं एकमत ठेवलं.

२५ जुलै
जनुकं लावायला घेतली. त्यासाठीचे प्रोग्रॅम जीसेक (GeSeq) आणि एमएफअॅनॉट दोन्ही चालवले, नंतर प्रत्येक जनुक डोळ्यांनी.

नॅड१, नॅड२, नॅड५ ही तीन जनुकं जीनोममध्ये विखुरलेली असतात, वेगवेगळे आरएनए तयार होऊन मग जोडले जातात. नॅड५ चा तिसरा एक्सॉन (जनुकाचा अंतिम संदेशात राहणारा तुकडा) अवघा २२ अक्षरांचा. दोन्ही प्रोग्रॅमना तो सापडला नाही. एवढ्या आखूड शब्दाला ब्लास्ट हा शोध-प्रोग्रॅम दाद देत नाही, शब्दलांबी ७ करून आणि ई-व्हॅल्यूची (योगायोगाने जुळण्याच्या शक्यतेची) अट सैल करून शोधावं लागतं. मग चार-पाच जागा निघतात. खरी कोणती हे आजूबाजूच्या इंट्रॉनच्या (संदेशातून वगळल्या जाणाऱ्या भागांच्या) जुळणीवरून ठरवलं, कमळातल्या त्याच भागाशी दोन्ही बाजूंची शंभर-शंभर अक्षरं ताडून. प्रोग्रॅमचं ऐकलं असतं तर नॅड५ सात अमिनो आम्लांनी आखूड आणि पुढची चौकट सरकलेली, आणि अहवालात ‘निकामी जनुक’.

जनुकीय संकेताचा तक्ता १ ठेवायचा. कुणीतरी मायटोकाँड्रिया म्हणून तक्ता २ लावला होता, तो पृष्ठवंशी प्राण्यांचा. वनस्पतींच्या मायटोचा संकेत नेहमीचाच असतो.

नॅड१ आणि नॅड४एल ची सुरुवात एटीजीऐवजी एसीजी दिसते. ही वाचनाची चूक नाही. आरएनएमध्ये सी चा यू होतो आणि सुरुवात तयार होते. पण तसं लिहायला आरएनएचा पुरावा हवा.

६ ऑगस्ट
आरएनएचा डेटा आला आणि निरुपयोगी निघाला. मागणी होती रायबोसोमल आरएनए काढून टाकलेल्या लायब्ररीची, सेवा देणाऱ्यांनी नेहमीच्या पॉली-ए (संदेशाची ए-अक्षरांची शेपटी पकडणाऱ्या) पद्धतीने करून पाठवली. केंद्रकातल्या संदेशांना ती योग्य. वनस्पतींच्या मायटोमध्ये पॉली-ए शेपटी म्हणजे संदेश मोडीत काढायची खूण, त्यामुळे हाती लागतात ते थोडे आणि बरेचसे तुटायला निघालेले. पुन्हा नमुना द्यावा लागला. ऑर्डरवर ‘रायबो-डिप्लिशन, स्ट्रँड-स्पेसिफिक’ लिहून फोनवरही सांगायचं.

२९ ऑगस्ट
नवा आरएनए डेटा. आधी एक कसोटी: जनुकांपासून लांबच्या मोकळ्या जागांवर किती रीड्स बसतात. तिथे सरसकट डेप्थ असेल तर आरएनएमध्ये डीएनए उरला आहे, आणि मग अर्धवट एडिटिंग (सी चा यू होणं) दिसतं तेही खोटं. एका नमुन्यात तसं निघालं, डीएनएजची दुसरी फेरी देऊन फिरून लायब्ररी.

एडिटिंगची जागा धरायची अट: किमान २० रीड्स, त्यातले १० टक्के तरी बदललेले, डीएनएमध्ये त्या जागी शंभर टक्के सी. नॅड४एल ची सुरुवात पक्की झाली. नॅड१ ला रीड्स कमी, तूर्त अनिश्चित.

याच निमित्ताने बैठकीत निघालेल्या प्रश्नाचं उत्तर नोंदवून ठेवतो: मायटो जनुकांवरून खरी गुळवेल आणि भेसळ ओळखणारा बारकोड होईल का? जनुकांवरून नाही. वनस्पतींची मायटो जनुकं हरितलवकाच्या साधारण एक तृतीयांश वेगाने बदलतात, आणि हरितलवक केंद्रकाच्या निम्म्या. ओळखीसाठी आयटीएस आणि मॅटके आहेतच. मायटोतून काही मिळालं तर ते जोडण्यांतून आणि मोकळ्या जागांतून, आणि त्यासाठी क्रिस्पा आणि सायनेन्सिस हे दोन्ही जीनोम याच पद्धतीने करावे लागतील.

१२ सप्टेंबर
फरिदाबादच्या इंडियन बायॉलॉजिकल डेटा सेंटरकडे द्यायच्या फाइली लावल्या. कच्चे रीड्सही देणार, नुसता जोडलेला क्रम नाही. नॅडच्या तिन्ही विखुरलेल्या जनुकांवर ट्रान्स-स्प्लायसिंगची (वेगवेगळे आरएनए जोडले जाण्याची) नोंद, एसीजी सुरुवातीवर एडिटिंगची नोंद, नाहीतर तपासणीत ‘सुरुवातीचा कोडॉन नाही’ म्हणून परत येते. ‘वर्तुळाकार’ हा पर्याय भरला नाही. काँटिग रेषीय म्हणून, सोबत जोडण्यांचा तक्ता आणि प्रत्येकीपुढे साक्षीदार रीड्सची संख्या.

एकूण लांबी अजून कुठेही लिहायची नाही. दुसऱ्या पुनरावृत्तीवरच्या क्षीण वाटेला साक्षीदार कमी आहेत. वेलीला पुन्हा पालवी आहे, काळं कापड उद्या बांधायचं.